सांडव्याची फरशी

सकाळी ७

फेब्रुवारीत तळेगावात सातला अजून स्वेटर लागतो. गडी यायच्या आत कुंडाकडे एक फेरी मारतो. काल संध्याकाळी कुंड खुणेपर्यंत भरून ठेवलं होतं आणि काठाला एक बादली, तिच्यातही आतून खूण करून पाणी. हवेने बादलीतलं पाणी जेवढं उतरेल तेवढंच कुंडातलं उतरलं पाहिजे. जास्त उतरलं तर कुठेतरी झिरपतंय. ही तपासणी फुकटात होते, तरीही बहुतेक जण करत नाहीत, आणि दोन महिन्यांनी मालकाचा फोन येतो की पाणी रोज घालावं लागतंय. आज दोन्ही खुणा जागच्या जागी आहेत. कुंडाची चिंता मिटली.

कुंड आठ फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट खोल. पाणी साधारण सव्वादोन हजार लिटर. आरसीसी करून आतून वॉटरप्रूफ प्लास्टर, कोपऱ्यांत गोल वाटा. एकदा भरून, चार दिवस ठेवून ते पाणी सोडून दिलं आहे, कारण नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि तशा पाण्यात मासे टिकत नाहीत. घरच्या नातवाला उद्याच मासे हवेत. त्याला पाडव्यानंतरची तारीख दिली आहे.

कुंडाच्या खोदाईतून निघालेल्या मातीचाच मागे उंचवटा केला. तो चांगला चोपून, पाणी मारून बसवला, कारण सैल भरावावर बांधलेला धबधबा पहिल्या पावसाळ्यात एका बाजूला खचतो. उंचवट्यावर वरचा हौद, हौदाच्या तोंडाशी सांडवा, आणि तिथून अडीच फूट खाली कुंड. काम एवढंच. घरमालकीण काकूंची मागणीही एकच होती: "खळखळ नको. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाण्याचा सलग पडदा दिसला पाहिजे."

खळखळता धबधबा कुणीही करून देतो. दगड रचा, मोटर लावा, झालं. पाणी एकसंध पडायला हवं असेल तर मात्र दिवस लागतो.

८

गडी आले. आधी उंचवट्यावरचं अस्तर. इथे गिऱ्हाईक हमखास शेततळ्याचा कागद सुचवतं. पाचशे मायक्रॉनचा एचडीपीई, स्वस्त, सगळीकडे मिळणारा. शेततळ्याच्या सरळ उतारावर तो झकास बसतो. पण तो कडक असतो. दगडांच्या बेचक्यांत, हौदाच्या कोपऱ्यांत त्याच्या घड्या नीट पडत नाहीत आणि घडीच्या टोकाला पुढेमागे चीर जाते. तिथे ईपीडीएम रबराची शीट घेतो. महाग आहे, पण मऊ आहे, हाताने दाबली की बसते. खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे मातीतला अणकुचीदार खडा शीटला टोचत नाही.

शीट हौदाच्या मागून सुरू होऊन सांडव्याखालून थेट कुंडाच्या काठाच्या आत उतरते. दगड सगळे तिच्यावर. दगडांच्या सांध्यांतून जे पाणी पाझरेल ते शीटवरून घरंगळत कुंडातच येतं. सांधे सिमेंटने लिंपून पाणी अडवता येतं यावर ज्यांचा विश्वास आहे, त्यांनी कुठल्याही जुन्या कारंज्याच्या भिंती पाहाव्यात.

९

दगड. हे माझं आवडतं काम, म्हणून थोडं रेंगाळतो.

ओढ्यातले गुळगुळीत गोटे मी आणत नाही. एक तर ते गौण खनिजात येतात, रॉयल्टी भरल्याशिवाय उचलणं गुन्हा आहे. दुसरं म्हणजे ओढ्याची पात्रं आपण आधीच पुरेशी ओरबाडली आहेत. इथले दगड याच प्लॉटच्या पायाखोदाईत निघालेले. काळा पाषाण, वरून ऊनपाऊस खाऊन तांबूस झालेला. मालकांनी ते उचलून न्यायला ट्रॅक्टरवाल्याला पैसे द्यायचं ठरवलं होतं, मी हात जोडून थांबवलं.

रचना कशी असावी हे सह्याद्रीने दाखवून ठेवलं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि थिजले. त्यातला कठीण थर पुढे राहतो, त्याखालचा मऊ झिजून मागे सरतो, आणि पाणी कठीण थराच्या कडेवरून सुटं खाली येतं. पावसाळ्यात माळशेजला किंवा ताम्हिणीला जाऊन बघा, थरांच्या रेघा आडव्या दिसतात. म्हणून आपल्याकडचा धबधबा रचायचा तर दगड आडवे, पसरट, थर एका दिशेने. उभे सुळके रोवून मधून पाणी सोडलं की तो देखावा वाटतो. फायबरच्या खडकांबद्दल तर न बोललेलंच बरं.

सांडव्याच्या दोन्ही अंगांना दोन मोठे दगड. त्यातला एक दोन फूट बाय दीड फूट बाय एक फूट, म्हणजे तीन घनफूट. पाषाण पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड, तेव्हा हा अडीचशे किलोच्या आसपास भरतो. तिपाई उभी केली, चेन कप्पी अडकवली, दगडाला पट्टे. मिस्त्रींनी आवाज टाकला, "पाय मागं घ्या रे, दगडाला डोळे नसतात." दगड तरंगत वर गेला, दोघांनी पहारीने फिरवला. मिस्त्री खाली वाकून बघतात, हात हलवतात, "अजून दोन बोटं. आता सोडा."

बसला. मग पहारीने हलवून बघतात. हलला तर खाली कपच्या ठोकून घट्ट करतात. मिस्त्रींच्या हाताखाली दगड दुसऱ्यांदा उचलावा लागत नाही.

१०.३०

चहा. घरमालक काका निवृत्त बँक अधिकारी, हिशेब त्यांना आवडतो. म्हणाले, "अहो, एक एचपीची मोटर घरात पडून आहे. तीच लावा की. वरून पाणीही भरपूर पडेल."

कागदावर मांडून दिलं. सांडवा दोन फूट रुंद. त्यावरून पंधरा मिलिमीटर जाडीचा थर जायला हवा असेल तर सेकंदाला दोन लिटर पाणी लागतं, तासाला सात हजारांच्या जरा वर. थर दहा मिलिमीटरचा ठेवला तर तासाला चार हजार पुरतात. जाडी दुप्पट केली की पाणी दुप्पट लागत नाही, पावणेतीनपटीहून जास्त लागतं. त्यामुळे "थोडं अजून जाड" हे वाक्य गिऱ्हाइकाला स्वस्त वाटतं, पण पंप आणि विजेच्या बिलात ते महाग पडतं.

घरातली मोटर पाणी गच्चीवर चढवण्यासाठी बनवलेली असते. तिचा जोर उंचीवर. इथे चढ जेमतेम अडीच फूट. ती लावायची म्हणजे व्हॉल्व्ह अर्धा बंद करून तिचा गळा आवळायचा आणि तासाला युनिटभर वीज जाळायची. त्याऐवजी कमी उंचीचा, जास्त पाण्याचा तलावपंप घेतला तर दीडशे वॉटमध्ये काम होतं. रोज सहा तास चालवला तरी दिवसाला एक युनिट होत नाही.

काकांनी पंपाचा डबा हातात घेऊन वाचला, "यावर तर दहा हजार लिटर लिहिलंय, मग आपल्याला सात कसे?" डब्यावरचा मोठा आकडा शून्य उंचीचा असतो आणि शेजारी लिहिलेली जास्तीत जास्त उंची शून्य पाण्याची. दोन्ही एकदम कधीच मिळत नाहीत. आपल्या उंचीला किती पाणी ते डब्यातल्या आलेखावरून बघायचं. दुकानदार तो आलेख उघडून दाखवत नाही, मागावा लागतो.

११

पाईप. पंपापासून हौदापर्यंत तीस फूट. प्लंबरने एक इंची आणला होता, "पंपाच्या तोंडाला इंचच आहे." परत पाठवला. सेकंदाला दोन लिटर पाणी इंची पाईपमधून तीस फूट न्यायचं तर नुसत्या घर्षणात सहा मीटर चढाइतका जोर खर्च होतो. दोन इंचीमधून नेलं तर वीस सेंटिमीटर. पाईपचा खर्च थोडा वाढतो, पण पंप दोन नंबर लहान घेता येतो. पंपाच्या तोंडापाशी रिड्युसर लावून लगेच दोन इंची सुरू करायचा.

हौदात पाईप कुठून सोडायचा, यात निम्मा धबधबा आहे. बहुतेक ठिकाणी तो मागच्या बाजूने वर आणून सांडव्याकडे तोंड करून सोडलेला असतो. मग पाणी उसळत, गिरक्या घेत कडेवर येतं आणि खाली पडतानाही तसंच फुटतं. आपला हौद अडीच फूट बाय दोन फूट, दीड फूट खोल. पाईप तळाला आणला, टोकाला टी लावून दोन्ही तोंडं मागच्या भिंतीकडे वळवली. त्यावर भोकं पाडलेली प्लास्टिकची जाड जाळी, जाळीवर चाळीस मिलिमीटरची धुतलेली खडी. पाईपमध्ये सेकंदाला मीटरभर धावणारं पाणी खडीतून वर येईपर्यंत सेकंदाला पाच मिलिमीटरही सरकत नाही. पृष्ठभागावर चिंचेचं पान टाकलं तर ते रमतगमत कडेकडे जायला हवं.

अकराव्या शतकातल्या साकुतेइकी या जपानी उद्यानग्रंथात धबधब्यांचे प्रकार सांगितले आहेत. कापडासारखा सलग पडणारा एक, धाग्यांसारखा सुटा पडणारा दुसरा. सलग हवा असेल तर वरचं पाणी अडवून संथ करा आणि दगड गुळगुळीत घ्या, असं तिथेही आहे. पंप नव्हता, पण पाणी तेच होतं. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. काकूंनी ते पाहिलंय आणि माझ्याकडे येणारे निम्मे लोक मोबाइलवर त्याचेच फोटो दाखवतात. तिथलं संथपण आवडलं असेल तर ते दगडांच्या महागपणात शोधू नये.

१

जेवण. भाकरी, पिठलं, काकूंनी पाठवलेला मुळ्याचा ठेचा. मिस्त्री मूळचे तुळजापूरकडचे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून पडणाऱ्या नर-मादी धबधब्यांची गोष्ट ते जेवताना एकदा तरी काढतातच. "त्या लोकांकडं कुठली लेव्हल मशीन होती, भाऊ?" यावर उत्तर नसतं. अर्धा तास सगळे आंब्याखाली आडवे.

२

सांडव्याची फरशी. शहाबादी निवडली आहे, अडीच फूट लांब, दीड इंच जाड, वरून नैसर्गिक सपाट. पुढची कड मात्र मशीनवर कापून घेतलेली. हाताने तोडलेल्या कडेला दाते राहतात आणि प्रत्येक दात्यापाशी पाण्याची वेगळी धार सुटते. कड भिंतीच्या दोन इंच पुढे काढायची.

आता पातळी. हातभर लांबीची स्पिरिट लेव्हल इथे मी प्रमाण मानत नाही. पारदर्शक लेव्हल पाईप घेतो, त्यात पाणी भरून एकही बुडबुडा उरला नाही याची खात्री करतो, आणि दोन टोकं फरशीच्या दोन कोपऱ्यांना. एक टोक मिस्त्रींकडे, दुसरं माझ्याकडे. "माझं वर आहे." "सरकवा." "आता?" "केसभर."

केसभराची किंमत सांगतो. फरशीवरून दहा मिलिमीटर पाणी जातंय आणि दोन फुटांत कल तीनच मिलिमीटर आहे असं समजा. खालच्या बाजूने वरच्या बाजूच्या दीडपटीहून जास्त पाणी जातं. डोळ्याला फरशी सरळ दिसते, पडदा मात्र एकीकडे जाड आणि दुसरीकडे विरलेला. पंप बदलून हा दोष जात नाही.

फरशी आत्ता सिमेंटमध्ये बसवत नाही. खाली चिकणमातीचा थर, चार कोपऱ्यांना ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, मागची फटही मातीनेच लिंपलेली. आधी पाणी सोडून बघायचं, मग पक्कं करायचं. उलटा क्रम केला तर फरशी फोडूनच काढावी लागते.

३

वायरमन. बाहेरच्या बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावून घेतला, अर्थिंग तपासलं. पंपाच्या वायरला पाण्यात किंवा मातीत कुठेही जोड नाही. जोड आहे तो भिंतीवरच्या बंद डब्यात, जमिनीपासून दोन फूट वर. वायरमन म्हणाला, "टेप मारून पाईपमध्ये घालतो, काही होत नाही." ओल्या बागेत अनवाणी मूल फिरणार आहे. इथे मी वाद घालत नाही, सरळ नाही म्हणतो.

४

पंप सुरू.

दोन लिटर सेकंदाला, हौदाचं पोट दोनशे लिटरचं. पावणेदोन मिनिटं काहीच घडत नाही. नातू दोनदा विचारतो, "बिघडला का?" मग खडीतून धूळ घेऊन गढूळ पाणी वर येतं, फरशीवर पसरतं, कडेला येऊन थांबतं, फुगतं आणि सुटतं.

पहिला नजारा कधीच सुखाचा नसतो. आजही डावीकडून भरदार थर, उजवीकडे चार वेगळ्या धारा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणी कडेवरून सुटण्याऐवजी फरशीच्या पोटाला चिकटून मागे जातंय आणि भिंतीवरून ओघळतंय. चहा ओतताना किटलीच्या तोटीखालून जो ओघळ मागे येतो, तोच प्रकार.

आधी उजवीकडची पट्टी हलकेच काढली. फरशी जरा टेकली, धारा एकमेकींकडे सरकल्या आणि मिटल्या. डावी-उजवी जाडी सारखी झाली. पण ओघळ तसाच. पंप बंद केला, फरशी उचलून उलटी ठेवली. ग्राइंडर घेऊन पोटाला, कडेपासून बोटभर आत, पूर्ण लांबीची खाच पाडली, सहा-सात मिलिमीटर खोल. छज्ज्याच्या खाली ठेवतात तीच युक्ती. मागे सरकणारं पाणी खाचेपाशी येतं, वर चढू शकत नाही, गळून पडतं. तोंडाला फडकं बांधून मिस्त्रींनी हे काम पाच मिनिटांत केलं. फरशी परत जागेवर, परत लेव्हल पाईप, परत माती.

पाऊण तासाने दुसऱ्यांदा पंप. आता कड स्वच्छ सुटली. काचेच्या जाडीचं पाणी सलग खाली येतंय, मागचा काळा दगड त्यातून दिसतोय. तरीही खालचा अर्धा भाग थरथरत होता, मधूनच मागे ओढला जात होता. दोन्ही बाजूंचे दगड पडद्याला इतके चिकटले होते की मागच्या पोकळीतली हवा कोंडली होती. पडणारं पाणी ती हवा थोडी थोडी ओढून नेतं, बाहेरून नवी आत यायला वाट नाही, मग पडदा मागे खेचला जातो. उजव्या दगडामागची एक कपची काढली. मूठभर फट. थरथर थांबली.

काकू खिडकीत आल्या. काही बोलल्या नाहीत, काकांना हाक मारली.

शिंतोड्यांचाही अंदाज घेतला. पाणी जितक्या उंचीवरून पडतं, साधारण तितक्या अंतरापर्यंत थेंब उडतात. अडीच फुटांवरून पडतंय आणि पुढे पाच फूट कुंड आहे, तेव्हा पाणी आतच राहतं. कुंडाची पातळी मात्र पंप सुरू झाल्यावर दोन इंचांहून थोडी खाली गेली, कारण तेवढं पाणी आता हौदात आहे. कुंडाचा प्रत्येक इंच म्हणजे चौऱ्याण्णव लिटर. वीज गेली की हेच पाणी पाईपमधून उलटं खाली येतं, म्हणून कुंडाची भरण्याची खूण काठापासून तीन इंच खाली ठेवली आहे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही बसवलाय, पण त्यात कचरा अडकला की तो उघडाच राहतो. भरवसा खुणेवर ठेवायचा.

५

फरशीच्या जागेच्या खुणा भिंतीवर करून तिला उचललं, माती धुतली, वॉटरप्रूफिंग मिसळलेल्या मालात पक्की बसवली. ओला माल आहे तोवर पुन्हा दोनदा लेव्हल पाईप, कारण माल दबतो. वर ओलं गोणपाट. सात दिवस पाणी मारायचं आणि तोवर पंप सुरू करायचा नाही. नातवाचा चेहरा पडला, पण काकांनी वहीत तारीख लिहून घेतली.

काठाला वेखंड आणि ब्रह्मी लावली, दगडांच्या सावलीत नेचे. कामावरच्या मावशींनी घमेली, थाप्या धुऊन ठेवल्या. गड्यांचा हिशेब गेटपाशीच केला, टेम्पो गेला.

६.१५

मालकांना सूचना. पहिली, धबधबा दिवसभर चालवू नका, सकाळ-संध्याकाळ पुरे. दुसरी, बंद काळात हे दोन हजार लिटर साचलेलं स्वच्छ पाणी आहे आणि डेंग्यूचा डास नेमकं तेच शोधतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी निवळलं की गप्पी मासे सोडा, बऱ्याच ठिकाणी आरोग्य खात्याकडे मिळतात. हौदाच्या खडीतही बघत राहा, मासे तिथे पोचत नाहीत. तिसरी, पंपाची जाळी पंधरा दिवसांनी काढून धुवा. पाणी रोज कमी व्हायला लागलं तर एक रात्र पंप बंद ठेवून बघा. तरीही उतरलं तर दोष कुंडात, नाही उतरलं तर वरच्या भागात.

चौथी सूचना काकांना आवडली नाही. एप्रिल-मेमध्ये टँकर यायला लागले की धबधबा बंद. पावसाचं पाणी गच्चीवरून कुंडात आणायचा पाईप मी काढून ठेवला आहे, जूनमध्ये कुंड आपोआप भरेल. तोपर्यंत कोरडा दगडही वाईट दिसत नाही.

तुम्ही धबधबा करून घेणार असाल तर कंत्राटदाराने दाखवलेले फोटो बाजूला ठेवा आणि दोन प्रश्न विचारा: वरचा हौद किती खोल आहे, आणि सांडव्याची पातळी कशाने बघणार. उत्तर द्यायला तो अडखळला तर दुसरा माणूस शोधा.